कुत्र्याचे दुखणे आणि भांगेचे तेल

शहरांतील घरांत पाळल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे आयुष्य लसीकरण, बरा आहार आणि हाताशी आलेले पशुवैद्यकीय उपचार यांमुळे वाढले, तशी त्यांच्या उतारवयातील दुखणीही मालकांच्या वाट्याला येऊ लागली. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या जड अंगाच्या जातींत कमरेचे आणि कोपराचे सांधे झिजतात, काही कुत्र्यांना ऐन तारुण्यातच आकडी येऊ लागते, आणि दिवाळीत फटाके वाजू लागले की पलंगाखाली शिरून थरथरत बसणारे कुत्रे तर जवळजवळ प्रत्येक वस्तीत आढळते. यांतील पहिल्या दोन तक्रारींत औषधे वर्षानुवर्षे द्यावी लागतात, त्यांतील काहींचा पोटावर, मूत्रपिंडावर किंवा यकृतावर ताण पडतो, आणि म्हणूनच ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’ असा शिक्का असलेल्या पर्यायाकडे मालकाचे मन लवकर ओढ घेते. गेल्या काही वर्षांत अशा पर्यायांत सर्वाधिक बोलबाला झाला तो भांगेच्या वनस्पतीपासून काढलेल्या तेलाचा. त्या तेलामागे संशोधन आहे ही गोष्ट खरी. पण ते संशोधन नेमक्या कोणत्या घटकाचे, किती मात्रेचे आणि कोणत्या आजाराचे आहे, हे बाजारातील बाटलीवर सहसा लिहिलेले नसते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि त्यावरील राळेसारख्या चिकट द्रव्याचा तो चरस. या वनस्पतीत ‘कॅनाबिनॉइड’ या एकाच कुळातील शंभराहून अधिक रसायने सापडली आहेत, परंतु कुत्र्यांच्या संदर्भात त्यांतील दोनच प्रामुख्याने महत्त्वाची ठरतात. पहिले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, हे नशा आणणारे द्रव्य. आणि दुसरे कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, ज्याने नशा येत नाही. इस्रायलमधील रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी १९६३ साली सीबीडीची रासायनिक रचना आणि १९६४ साली येहिएल गाओनी यांच्यासह टीएचसीची रचना निश्चित केली, तेव्हापासून या वनस्पतीचा अभ्यास ‘झाडाचा गुण’ अशा मोघम भाषेतून बाहेर पडून एकेका रेणूच्या भाषेत होऊ लागला. कुत्र्याला ‘भांगेचे औषध’ चालते का, हा प्रश्न त्यामुळेच चुकीचा ठरतो. एका रेणूबद्दल आशा बाळगायला जागा आहे, तर दुसरा त्याच प्राण्याला घातक ठरू शकतो.

ही रसायने शरीरावर परिणाम करू शकतात याचे कारण असे की, त्यांच्याशी मिळतीजुळती द्रव्ये सस्तन प्राण्यांचे शरीर स्वतःच तयार करीत असते. पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट रेणू पकडून पेशीला संदेश देणारी प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. टीएचसीला पकडणाऱ्या मेंदूतील अशा एका ग्राहीचा शोध १९८८ साली लागला, १९९२ साली त्याला चिकटणारे शरीरातीलच एक द्रव्य मेंदूत सापडले, आणि १९९५ साली मेशुलाम यांच्या गटाने अशा आणखी एका द्रव्याची ओळख पटवली, तीही कुत्र्याच्या आतड्यातून घेतलेल्या नमुन्यात. वेदना, भूक, झोप, दाह आणि हालचालींचा ताळमेळ अशा अनेक क्रियांवर ही यंत्रणा सौम्यपणे नियंत्रण ठेवते. टीएचसी मेंदूतील ग्राहींना थेट चिकटते. सीबीडी तसे फारसे करीत नाही. ते वेदना आणि चिंता यांच्याशी निगडित असलेल्या इतर काही ग्राहींवर आणि शरीरातील ही द्रव्ये मोडणाऱ्या यंत्रणेवर आडवळणाने परिणाम करते, असे आजवरच्या अभ्यासांवरून मानले जाते.

कुत्रा टीएचसीला इतका हळवा का, याचे उत्तर त्याच्या लहान मेंदूत आहे. तोल आणि चालणे सांभाळणाऱ्या या भागात कुत्र्यात या ग्राहींची दाटी माणसापेक्षा बरीच अधिक असते, त्यामुळे माणसाला जेमतेम गुंगी आणणाऱ्या मात्रेनेही कुत्र्याचा तोल जातो. तो उभ्या जागी पुढेमागे डुलू लागतो आणि पाऊल टाकताना लडखडतो. हे निरीक्षण आजकालचे नाही, आणि त्याची एक महत्त्वाची नोंद भारतातच झालेली आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली भारतीय भांगेवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, आणि रुग्णांना औषध देण्यापूर्वी त्यांनी ते प्राण्यांवर तपासून पाहिले. मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला त्यांनी नेपाळी चरस मद्यार्कात विरघळवून दहा ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहाशे मिलिग्रॅम, दिला. अर्ध्या तासात ते कुत्रे मंद आणि झोपाळू झाले, मधूनमधून दचकून उठून जणू अतिशय समाधानात असल्यासारखे शेपूट हलवू लागले, अन्न दिल्यावर अधाशासारखे खाल्ले, हाक मारल्यावर झोकांड्या खात आले, आणि सहा तासांनंतर पूर्ववत टुणटुणीत झाले. याच निबंधात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने जलसंत्रास झालेल्या एका रुग्णाची हकीकतही आहे. त्याचे प्राण वाचले नाहीत, परंतु भांगेच्या अर्काने अखेरच्या काळातील त्याच्या यातना बऱ्याच कमी झाल्या, असे ओशॉनेसी यांनी नोंदवले.

कुत्र्याचा हा हळवेपणा पुढे औषध कारखान्यांनी चक्क मोजपट्टी म्हणून वापरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गांजाचा अर्क माणसांसाठी औषध म्हणून विकला जात असे, पण त्यातील प्रभावी द्रव्याचे प्रमाण रासायनिक पद्धतीने मोजता येत नसे. म्हणून प्रत्येक घाणा कुत्र्याला पाजून तो किती डुलतो यावरून अर्काचा जोर ठरवला जाई. ज्या प्राण्याच्या लडखडण्यावर गांजाची ताकद मोजली गेली, त्याच्याच औषधासाठी शतकभराने तीच वनस्पती पुढे यावी, हा योगायोग विलक्षण खरा, परंतु त्यातून निघणारा इशारा सरळ आहे: कुत्र्यासाठीच्या तेलात टीएचसी नाममात्रच असले पाहिजे.

आता सीबीडीकडे वळता, सर्वांत जास्त चर्चा झालेला पुरावा सांधेदुखीचा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ वाक्श्लॅग यांच्या गटाने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सांध्यांतील कूर्चा झिजून होणाऱ्या वेदनेने त्रस्त असलेल्या कुत्र्यांना त्यात शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम सीबीडी दर १२ तासांनी असे चार आठवडे देण्यात आले, मग दोन आठवडे औषध थांबवून पुढचे चार आठवडे दिसायला तसेच पण औषध नसलेले साधे तेल देण्यात आले. काही कुत्र्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा होता, आणि कोणते तेल केव्हा दिले जात आहे हे मालकालाही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. औषध नसलेल्या अशा तेलाला किंवा गोळीला प्लासिबो म्हणतात. १६ कुत्र्यांनी हा अभ्यास पूर्ण केला, आणि सीबीडीच्या काळात त्यांची वेदना कमी व हालचाल अधिक असल्याचे मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतून दिसले. या अभ्यासाला सीबीडीची उत्पादने विकणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते. तेवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचकाने ते ध्यानात ठेवावे. टेक्सासमधील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या २० कुत्र्यांवरील अभ्यासातही, २०२० साली, अधिक मात्रा घेणाऱ्या किंवा चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेले सीबीडी घेणाऱ्या कुत्र्यांत सुधारणा आढळली, कमी मात्रेच्या साध्या तेलाने मात्र फरक पडला नाही.

मात्रेचा हा मुद्दा कागदावर मांडून पाहिला की बाजाराची गंमत कळते. २० किलो वजनाच्या कुत्र्याला कॉर्नेलच्या हिशेबाने एका वेळी ४० आणि दिवसाला ८० मिलिग्रॅम सीबीडी लागेल. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ३०० मिलिग्रॅम सीबीडी असे लिहिलेले असेल, तर एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम येते. म्हणजे त्या कुत्र्याला एका वेळी ४ आणि दिवसाला ८ मिलिलिटर तेल द्यावे लागेल, आणि ती बाटली चार दिवसही पुरणार नाही. त्याच बाटलीतून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब दिले, तर प्रत्येक वेळी साधारण अडीच मिलिग्रॅम पोटात जाते, म्हणजे अभ्यासातील मात्रेचा सोळावा हिस्सा. ‘चार-पाच थेंबांनी कुत्रा पळायला लागला’ अशा प्रशस्तिपत्रांकडे या हिशेबाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे, कारण त्यांत औषधाचा वाटा जवळपास नसून मालकाच्या आशेचा वाटा मोठा असण्याचा संभव आहे.

आशेने डोळ्यांना फसवणे हा पशुवैद्यकातील चांगलाच अभ्यासलेला विषय आहे. आपल्याला औषध दिले जात आहे हे कुत्र्याला कळत नाही, परंतु त्याचे दुखणे मोजणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते, आणि काही तरी दिले जात आहे म्हटल्यावर त्याला कुत्रा कमी लंगडताना दिसू लागतो. लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या पावलांचा जोर जमिनीवर बसवलेल्या यंत्राने मोजला असता काहीच बदल झालेला नाही, तरी मालक आणि काही प्रमाणात डॉक्टरही सुधारणा झाल्याचे सांगतात, असे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०१२ साली दाखवून दिले. म्हणूनच कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचा २०२१ सालचा अभ्यास विशेष मोलाचा वाटतो. त्यात २३ कुत्र्यांना दर किलोमागे अडीच मिलिग्रॅम सीबीडी दिवसातून दोनदा सहा आठवडे देऊन मालकांच्या प्रश्नावल्यांबरोबरच चालीची यांत्रिक मोजणी आणि गळ्यात बांधलेल्या हालचालमापकाच्या नोंदीही तपासल्या गेल्या, आणि सीबीडी व प्लासिबो यांत लक्षणीय फरक आढळला नाही. सांधेदुखीबाबतचे चित्र असे दुभंगलेले आहे. नेहमीच्या वेदनाशामकांच्या जोडीला, योग्य मात्रेत, काही कुत्र्यांना सीबीडीचा उपयोग होत असावा, यापलीकडे प्रामाणिकपणे काही म्हणता येत नाही.

शिवाय झिजलेल्या सांध्यांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय बाटलीत नाही, तो ताटलीत आहे. लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देऊन, त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांचा विकार उशिरा दिसला. येताजाता बिस्कीट आणि पोळीचा तुकडा मिळवून गोल झालेल्या शहरी लॅब्रेडॉरला तेलाचे थेंब पाजण्याआधी त्याचे वजन उतरवणे हा उपचार फुकटचा आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

आकडीच्या, म्हणजेच अपस्माराच्या, विकारात सीबीडीकडून अधिक आशा बाळगण्याला एक आधार माणसांच्या वैद्यकातून मिळतो. बालकांतील दोन दुर्मीळ आणि हट्टी अपस्मार-विकारांसाठी शुद्ध सीबीडीपासून बनवलेल्या एपिडिओलेक्स या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. कुत्र्यांतही अपस्मार हा मज्जासंस्थेचा नेहमी आढळणारा दीर्घकालीन विकार आहे. फेनोबार्बिटल आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांसारखी जुनी, स्वस्त औषधे अनेकांना लागू पडतात, परंतु सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांत औषधे देऊनही झटके पुरेसे आटोक्यात येत नाहीत. अशाच २६ कुत्र्यांवर कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या स्टेफनी मॅकग्राथ यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. चालू औषधे न थांबवता १२ आठवडे सीबीडीची जोड दिल्यावर झटक्यांचे प्रमाण मध्यकाच्या हिशेबाने ३३ टक्क्यांनी घटले. पण झटके निम्म्यावर किंवा त्याहून कमी आलेल्या, म्हणजे ज्यांना ठळक गुण आला असे म्हणता येईल अशा कुत्र्यांची संख्या सीबीडी आणि प्लासिबो अशा दोन्ही गटांत सारखीच होती. जाहिरातीत पहिले वाक्य येते आणि दुसरे गळते. याच विद्यापीठाने पुढे ५१ कुत्र्यांवर केलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला दर किलोमागे ९ मिलिग्रॅम अशी वाढीव मात्रा दिली असता झटके आलेले दिवस सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले, तर प्लासिबोच्या काळात ते थोडे वाढलेच. भूक मंदावणे आणि उलट्या मात्र सीबीडीवर असताना अधिक दिसल्या. हट्टी अपस्मारात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सीबीडीची जोड देऊन पाहावी, इतका आधार यातून नक्कीच मिळतो. फेनोबार्बिटल बंद करून त्याच्या जागी तेल द्यावे, याला मात्र कोणताच आधार मिळत नाही, आणि ते औषध एकाएकी थांबवले तर थांबता न थांबणारे झटके येऊन कुत्रा दगावू शकतो.

फटाक्यांच्या भीतीबाबत निराशा पदरी येते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात सीबीडीयुक्त खाऊ दिलेल्या कुत्र्यांना फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला गेला, आणि त्यांच्या भीतीत सीबीडीमुळे घट झालेली दिसली नाही. इंग्लंडमधील वॉल्थम संस्थेच्या अभ्यासात दर किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने मोटारप्रवासातील किंवा एकटे राहण्याच्या वेळचा ताण काही मोजमापांवर कमी झाल्याचे २०२३ साली आढळले, पण पहिल्या अभ्यासातील मात्रा याहून पुष्कळ कमी होती, त्यामुळे दोन्हींची सांगड घालताना पुन्हा मात्रेचाच प्रश्न उभा राहतो. दिवाळीसाठी पशुवैद्याकडे ट्रॅझोडोनसारखी अधिक अभ्यासलेली औषधे उपलब्ध असताना ऐनवेळी ऑनलाइन मागवलेल्या तेलावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे. त्वचेच्या ॲलर्जीत सीबीडीने खाज काहीशी कमी होते पण चट्टे तसेच राहतात, असे २०२२ साली दिसले. कर्करोग बरा होतो असे तर कुत्र्यांवरील कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही, आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मेल्या म्हणजे जिवंत प्राण्याचा रोग गेला असे होत नाही.

सुरक्षिततेचा विचार करता, योग्य मात्रेतील शुद्ध सीबीडी कुत्र्यांना बहुधा सोसते. सुस्ती, पातळ शौच, कधी उलटी एवढेच त्रास बहुतेकांत दिसतात. तथापि अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे: रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज या यकृताशी संबंधित विकराचे प्रमाण वाढते. निरोगी कुत्र्यांना सहा महिने सीबीडी दिले असतानाही काहींत हे प्रमाण वाढले, जरी त्यांच्या प्रकृतीवर त्याचा दृश्य परिणाम झाला नाही. अडचण अशी की फेनोबार्बिटलनेही हेच विकर वाढते, त्यामुळे दोन्ही औषधे चालू असताना यकृताला खरोखर इजा होत आहे का हे ओळखणे डॉक्टरांना अवघड जाते. दुसरे असे की, यकृतातील जी विकरे इतर औषधांचे विघटन करतात त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणू शकते, आणि मग जोडीला दिलेले औषध शरीरात अपेक्षेपेक्षा अधिक काळ रेंगाळते. पोटातून घेतलेल्या सीबीडीचा बराच भाग यकृतात पहिल्याच फेरीत मोडला जात असल्याने रक्तात पोहोचणारे प्रमाण कमी आणि कुत्र्यागणिक वेगळे असते. अन्नाबरोबर दिल्यास ते अधिक शोषले जाते. म्हणून रोज जेवणासोबत दिले जाणारे तेल एखाद्या दिवशी उपाशीपोटी देणे म्हणजे मात्रा बदलण्यासारखेच आहे.

बाटलीवर लिहिलेले द्रव्य बाटलीत असतेच असेही नाही. अमेरिकेत पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या २९ उत्पादनांची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तीत वेष्टनावर प्रमाण नमूद केलेल्या २७ उत्पादनांपैकी केवळ १० उत्पादनांतच ते प्रमाण दाव्याच्या १० टक्क्यांच्या आतबाहेर होते, आणि चार उत्पादनांत जड धातू आढळले, त्यांतील तिहींत शिसे. भांगेची वनस्पती जमिनीतील धातू शोषून घेण्यात पटाईत असल्याने हे नवल नाही. भारतात आणखी एक घोटाळा होतो तो नावांचा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली हेम्पच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या वाणाच्या, बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली. बियांच्या तेलात चांगली मेदाम्ले असतात, पण सीबीडी जवळजवळ नसते. ते फुलोऱ्यातून आणि पानांतून काढावे लागते. ‘हेम्प ऑइल’ एवढेच शब्द असलेल्या बाटलीतील पदार्थ कुत्र्याच्या केसांना चकाकी देईल, त्याच्या गुडघ्याचे मात्र काही करणार नाही.

कायद्याची बाजूही सरळ नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ सालच्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, परंतु फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या, म्हणून भांगेचे नियमन राज्यांच्या हाती राहिले. आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात, आणि पानांपासून काढलेल्या अर्काची औषधे आयुर्वेदिक परवान्याखाली बनवली जातात. भारतात मिळणारी सीबीडीयुक्त तेले बहुतांशी याच वाटेने येतात. औषधविषयक कायद्यातील विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत भांगेचा समावेश असल्याने तिची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि आयुर्वेदिक औषधाच्या कायदेशीर व्याख्येत माणसांबरोबर जनावरांवरील उपचारही येतात. पण उत्पादनाचा परवाना म्हणजे कुत्र्यांवर चाचणी होऊन गुण सिद्ध झाल्याचा दाखला नव्हे. पाश्चात्त्य देशांतही मोकळे रान आहे असा समज आहे, तोही चुकीचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्राण्यांसाठी भांगेपासून बनलेले एकही औषध मान्य केलेले नाही. पशुवैद्याने मालकाशी या विषयावर नुसती चर्चा करण्याला स्पष्ट संरक्षण देणारा कायदासुद्धा कॅलिफोर्नियाने २०१८ साली केला तेव्हा तो अमेरिकेतील पहिलाच होता. ब्रिटनने त्याच वर्षी सीबीडी हे प्राण्यांच्या बाबतीत औषधच असल्याचे जाहीर केले, त्यामुळे मान्यतेशिवाय ते कुत्र्यांसाठी विकता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना सुट्टीवर येताना तिकडच्या दुकानातील बाटली आणायला सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, फुलोऱ्यातून काढलेला आणि टीएचसीचा अंश असलेला अर्क तिकडे कायदेशीर असला, तरी भारतीय विमानतळावर तो अमली पदार्थ ठरू शकतो.

तरीही तेल द्यायचे ठरले, तर ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, त्या विशिष्ट घाण्याचा स्वतंत्र प्रयोगशाळेतील तपासणी-अहवाल पाहून द्यावे. अहवालात दर मिलिलिटरमागे सीबीडी किती, टीएचसी किती, आणि जड धातू व कीटकनाशके किती, हे आकडे असले पाहिजेत. सुरुवातीला आणि महिन्याभराने यकृताची रक्ततपासणी करावी, चालू औषधे सांगावीत, आणि गुण मोजण्यासाठी आठवणीवर विसंबू नये. जिना चढतानाचे, बसून उठतानाचे छोटे चित्रफितीचे तुकडे औषधाआधी आणि नंतर घेऊन ते घरातील नसलेल्या माणसाला तारखा न सांगता दाखवावेत.

राहता राहिली ती सणासुदीची भांग. महाशिवरात्रीला आणि धुळवडीला घरात येणारी भांगेची गोळी, पेढा किंवा थंडाई कुत्रा चोरून खातो, आणि काही ठिकाणी गंमत म्हणून त्याला ती पाजलीही जाते. अर्ध्या-एक तासात तो डुलू लागतो, चाहूल लागताच दचकतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नकळत लघवी गळते, अंग थंड पडते आणि नाडी मंदावते. हा प्रकार एकापासून तीन दिवसांपर्यंत चालतो. बहुतेक कुत्रे सलाइन, ऊब आणि देखरेख यांवर बरे होतात, पण सगळे नाहीत: कोलोरॅडोतील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गांजाचे लोणी घातलेले केक-बिस्किटांसारखे पदार्थ खाल्लेले दोन कुत्रे दगावले होते, आणि असल्या खाऊत चॉकलेट किंवा बेदाणेही असतील तर धोका आणखी वाढतो. गुंगीतील कुत्र्याला घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, कारण ती फुप्फुसात उतरू शकते. माणसांच्या लघवी-चाचणीचे संच कुत्र्यात खात्रीशीर ठरत नाहीत, त्यामुळे निदान मालकाच्या सांगण्यावरच अवलंबून असते. म्हणून कुत्र्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि त्याने काय खाल्ले, किती खाल्ले व केव्हा खाल्ले, हे संकोच न करता डॉक्टरांना खरे सांगावे.